बारा वर्षांचा रियाज

आमच्या कपाटावर गेली बावीस वर्षे एक व्हायोलिन पडून आहे. ते तेथे कसे गेले हे सांगण्यापूर्वी एका थोर चेलोवादकाची हकिगत सांगणे आम्हांला अगत्याचे वाटते.

पाब्लो कासाल्स यांचा जन्म १८७६ साली स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात, एल वेंद्रेल या लहानशा गावी झाला. वडील गावच्या ख्रिस्तमंदिरात ऑर्गन वाजवीत. लहानपणी पाब्लो तेथील गायनवृंदात गात असे. खरा चेलो त्याने अकराव्या वर्षी प्रथम ऐकला आणि त्या वाद्याने त्याला कायमचे आपलेसे केले. पुढे १८९० साली बार्सिलोना बंदराजवळच्या एका दुकानात बापलेक संगीताची जुनी पुस्तके चाळीत होते. तेथे त्यांच्या हाती एक जीर्ण प्रत लागली. योहान सेबास्टियन बाख यांनी एकट्या चेलोसाठी, कोणत्याही साथीविना, रचलेल्या सहा संगीतमालिकांची ती प्रत होती.

या मालिका बाख यांनी सुमारे १७२० साली रचल्या, असे मानतात. त्यांच्या हातची मूळ प्रत आज उपलब्ध नाही. त्यांच्या पत्नी आना माग्दालेना यांनी आणि इतर काहींनी केलेल्या नकला जपल्या गेल्या, म्हणून हे संगीत आपल्यापर्यंत पोचले. वादक त्यांतील तुकडे हात बसावा म्हणून घोटीत. मैफलीत संपूर्ण मालिका वाजविण्याचा प्रघात नव्हता.

तेरा वर्षांच्या पाब्लोने ती प्रत घरी नेली आणि नित्यनेमाने तिचा अभ्यास आरंभला. त्यांतील एखादी मालिका श्रोत्यांसमोर वाजविण्याचे धैर्य येण्यास आपल्याला बारा वर्षे लागली, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. संपूर्ण मालिकांचे ध्वनिमुद्रण सुरू झाले तेव्हा तर ते साठीला टेकले होते. १९३६ सालच्या जुलैत ते बार्सिलोनात बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीची तालीम घेत असता यादवी युद्धाची वार्ता येऊन थडकली. वादकांना निरोप देण्यापूर्वी त्यांनी शेवटचा भाग पुरा वाजवून घेतला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत दुसरी व तिसरी मालिका मुद्रित झाली; उरलेल्या चार १९३८ व १९३९ साली पॅरिसमध्ये. तबकडीच्या एका बाजूवर तेव्हा जेमतेम चार मिनिटांचे संगीत मावत असे आणि एखादा स्वर चुकला तर ती सारी बाजू पुन्हा वाजवावी लागे.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आम्ही उभयतांनी हे ध्वनिमुद्रण प्रथमच सलग ऐकले. जुन्या तबकडीची खरखर आहे, तारेवर बोट आपटल्याचा आवाजही येतो. परंतु वाजविणाऱ्याला कसली म्हणून घाई नाही. ऐकता ऐकता आम्हां दोघांचीही नजर कपाटाकडे गेली.

आमचा मुलगा नऊ वर्षांचा असताना व्हायोलिन शिकू लागला. सहा महिनेही झाले नव्हते, तोच नाताळच्या कार्यक्रमात त्याने वाजवावे असा आग्रह आम्ही धरला. “एवढ्यात नको, थोडं थांबा,” असे त्याचे शिक्षक सांगत होते. आम्हांला मात्र नातलगांसमोर मिरवायचे होते. मुलगा अर्ध्यावर अडखळला. लोक हसले, त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. त्याने व्हायोलिन पेटीत ठेवले आणि मागच्या दाराने तो एकटाच घरी गेला. ती पेटी त्याने पुन्हा उघडली नाही. मुलाला चिकाटी नाही, असे आम्ही पुढे कित्येक वर्षे चारचौघांत सांगत राहिलो. चिकाटी नव्हती ती आमच्यापाशी!

आता नातीला व्हायोलिन शिकायचे आहे. पेटी खाली काढली आहे, नव्या तारा आणल्या आहेत. ती केव्हा आणि कोठे वाजविणार, हे या वेळी आम्ही कोणालाही विचारणार नाही. पेटी खाली काढताना मुलगा शेजारीच उभा होता. त्याच्याशी जे बोलायला हवे होते, ते मात्र अजून राहूनच गेले आहे.