गेलेल्याची जागा

फुटबॉलमधले मला फारसे कळत नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. तारुण्यात मी या खेळाच्या वाटेस एकदाच गेलो, आणि त्या दिवशी चेंडूपेक्षा माझा चष्माच अधिक दूर उडाला. असे असूनही आमच्या महाविद्यालयाच्या क्रीडा समितीचे अध्यक्षपद गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. ज्याला ज्या विषयातले कळत नाही त्यालाच त्या विषयाच्या समितीवर बसवावे, हा शिक्षणक्षेत्रातला जुना संकेत आहे. त्यामुळे निर्णय निःपक्षपातीपणाने होतात म्हणे!

गेल्या वर्षी जुलै महिन्यात मात्र या अध्यक्षपदाने माझी झोप उडवली. आमच्या संघाचा सारा भार ज्याच्या पायांवर होता, तो दहा नंबरचा मुलगा पुण्याच्या एका महाविद्यालयात निघून गेला. त्याला तेथे राहण्याची सोय मिळाली, सरावाला चांगले मैदान मिळाले. त्याने गेलेच पाहिजे होते. त्याला निरोप देताना मी चार उदात्त वाक्ये बोललो आणि तो फाटकाबाहेर पडताच इतर सर्वांप्रमाणे मीही विचारले, "आता याची जागा कोण घेणार?"

उत्तर मला तत्काळ सापडले. पैठणकडच्या एका गावाहून आलेला दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा संघात होता. उंची तीच, धाव तशीच, चेहऱ्यावर मात्र थोडा अधिक संकोच. दहा नंबरची जर्सी मी समारंभपूर्वक त्याच्या हाती दिली आणि पाठीवर थाप मारून म्हणालो, "तो खेळायचा तसाच खेळ, म्हणजे झाले." आमखास मैदानावर सरावाचे दोन सामने झाले. दोन्ही आम्ही हरलो. तिसऱ्या आठवड्यात तो मुलगा मैदानावर यायचा बंद झाला.

मला त्याचा राग आला, हेही कबूल करतो. हल्लीच्या मुलांत चिकाटी नाही, हे आमच्या पिढीचे ठेवणीतले वाक्य मी आमच्या क्रीडा संचालकांना ऐकवले. ते शांत गृहस्थ आहेत. त्यांनी माझे बोलणे पुरते ऐकून घेतले आणि मग मला गोव्याची हकीकत सांगितली.

ती सांगण्यापूर्वी एका बेल्जियन माणसाची आठवण करायला हवी. झाँ-मार्क बोस्मान नावाच्या खेळाडूचा लिएज येथील संघाशी असलेला करार १९९० साली संपला. त्याला फ्रान्समधल्या डंकर्कच्या संघाकडे जायचे होते. परंतु करार संपल्यावरही जुना संघ त्याच्यासाठी मोबदला मागू लागला. प्रकरण न्यायालयात गेले, आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, करार संपला म्हणजे खेळाडू मोकळा. या निकालाने पुढे कित्येकांना कोट्यधीश केले. बोस्मानचे स्वतःचे खेळाडूपण मात्र या लढ्यातच संपून गेले. आज करार संपलेला खेळाडू कोठेही जाऊ शकतो, इतकेच नव्हे, तर कराराचे शेवटचे सहा महिने उरले की दुसऱ्या संघाशी बोलणीही करू शकतो. जुन्या संघाच्या हाती एक छदामही पडत नाही. पडते ती एक रिकामी जागा.

अशी जागा २०२० साली गोव्याच्या एफ. सी. गोवा या संघात पडली. फेरान कोरोमिनास, म्हणजे प्रेक्षकांचा लाडका 'कोरो', हा स्पॅनिश खेळाडू तीन हंगाम खेळून तेथून गेला. इंडियन सुपर लीगमध्ये लागोपाठ दोन वर्षे सर्वाधिक गोल त्याचे होते. शेवटच्या हंगामातही त्याने १४ गोल केले आणि गोव्याने साखळीत पहिला क्रमांक मिळवला. त्याच्या जागी गोव्याने इगोर अंगुलो या छत्तीस वर्षांच्या खेळाडूला आणले. अंगुलोने किती गोल करावेत? बरोबर १४! त्या वर्षीचा सर्वाधिक गोलांचा मानही त्यालाच मिळाला. हिशेबाच्या वहीत जमा आणि खर्च यांचा इतका सुबक मेळ क्वचितच बसतो.

"मग प्रश्न सुटला की," मी म्हणालो.

"सर, पूर्ण संघाचे गोल बघा ना," संचालक म्हणाले.

आदल्या हंगामात गोव्याने १८ सामन्यांत ४६ गोल केले होते. नव्या हंगामात २० सामन्यांत ३१. कोरोची जागा तंतोतंत भरली होती, तरीही संघाचे पंधरा गोल कमी झाले होते आणि पहिल्या क्रमांकावरून संघ चौथ्यावर आला होता. याची कारणे अनेक असतील, परंतु मोठे कारण उघड आहे. कोरोबरोबरच ह्यूगो बूमूसही गेला होता. आदल्या वर्षी त्याने स्वतः ११ गोल केले होते आणि आणखी १० गोल दुसऱ्यांना करून दिले होते. मागे उभे राहून संघ सांभाळणारे जाहू आणि फाल हे दोघेही गेले होते. हे तिघे मुंबई सिटीच्या संघात दाखल झाले, त्यांचे जुने प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा हेही तेथेच गेले, आणि २०२०-२१ मध्ये मुंबईने साखळीतला पहिला क्रमांक आणि अंतिम चषक असे दोन्ही मान एकाच वर्षी मिळवले. उपांत्य फेरीत त्यांनी हरवले ते गोव्यालाच!

त्या रात्री मी या आकड्यांचा बराच वेळ विचार करीत बसलो. माणूस गेला म्हणजे आपण त्याच्या नावाकडे पाहतो. त्याचे काम कोणाकोणाच्या कामात मिसळलेले होते, इकडे आपले लक्ष जात नाही. घरातला खांब काढल्यावर तेवढ्याच लांबीचे लाकूड आणून उभे केले म्हणजे झाले, अशी आपली समजूत असते. परंतु त्या खांबावर कोणकोणत्या तुळया टेकलेल्या होत्या, हे छताने केव्हाच मनाशी धरलेले असते.

याच मुंबईच्या संघावर जानेवारी २०२४ मध्ये असा प्रसंग आला. त्यांचा कल्पक खेळाडू ग्रेग स्टुअर्ट ऐन हंगामात निघून गेला. प्रशिक्षकही बदललेले होते. मुंबईने दुसरा स्टुअर्ट शोधला नाही. भार वाटून घेतला. छांगटे आणि विक्रमप्रताप यांच्यासारख्या संघातल्याच वेगवान खेळाडूंवर अधिक विसंबून राहायचे ठरवले. एप्रिलमध्ये कोलकात्याच्या मैदानावर मोहन बागानने त्यांना हरवले आणि साखळीतला पहिला क्रमांक हातचा गेला. परंतु ४ मे रोजी त्याच मैदानावर, त्याच मोहन बागानविरुद्ध, अंतिम सामना त्यांनी ३-१ असा जिंकला. तीन गोल तीन निरनिराळ्या खेळाडूंचे होते, आणि त्यांतला तिसरा गोल करणारा याकुब वोइतुश त्या जानेवारीतच संघात आला होता. मात्र ही विद्या एकदा साधली म्हणजे कायमची साधली, असे नाही. पुढच्याच हंगामात आणखी काही बिनीचे खेळाडू गेले. मुंबई सहाव्या क्रमांकावर राहिली आणि मार्च २०२५ मध्ये बेंगळुरूने तिला पाच गोलांनी धूळ चारली. बेंगळुरूच्या ताफ्यात मुंबई सोडून गेलेली मंडळीही होती.

मराठी माणसाला हे सारे नवे वाटण्याचे कारण नाही. आमची संगीत नाटक मंडळी याच व्यथेतून गेली आहेत. किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तले. आता मंडळी बुडाली, असे रसिकांना वाटले असेल. चार वर्षांनी नारायणराव राजहंस आले, तेच बालगंधर्व. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर मंडळीत पुढे दीनानाथ मंगेशकर चमकले, आणि १९१८ साली तेही आपली बळवंत संगीत मंडळी काढून निघून गेले. करार संपण्याची वाट पाहणारे संघ आजचे. बिऱ्हाड हलवणारे नट मात्र आमच्याकडे शंभर वर्षांपूर्वीही होते. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, बालगंधर्वांचे गाणे भाऊरावांसारखे नव्हते आणि दीनानाथांचे तर बालगंधर्वांसारखे मुळीच नव्हते. जो आला आणि टिकला, तो आधीच्यासारखा नव्हता म्हणूनच टिकला.

आणि जेथे जागा भरली गेलीच नाही, त्याचेही उदाहरण माझ्या शहराच्या पायातच आहे. मलिक अंबराने १६१० साली वसवलेल्या खडकीचेच आजचे छत्रपती संभाजीनगर झाले. १६२६ साली तो वारला. त्याचा पुत्र फतेहखान पुढे आला. परंतु १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडले आणि शहाजीराजांनी धडपड करूनही १६३६ मध्ये निजामशाही संपली. मला कधी कधी वाटते, एका माणसाच्या बुद्धीवर सारा डोलारा उभा असला म्हणजे त्या माणसाचा थोरपणा हाच त्या डोलाऱ्याचा दुबळेपणा होऊन बसतो.

पण हे सारे मला इतिहासात आणि गोव्यात शोधावे लागावे, ही खरी लाजिरवाणी गोष्ट. कारण मी स्वतः एके काळी दहा नंबरची जर्सी घातलेली आहे! पंचवीसएक वर्षांपूर्वी आमच्या विभागातले एक ज्येष्ठ प्राध्यापक निवृत्त झाले आणि इंग्रजी काव्याचा तास माझ्याकडे आला. ते डोळे मिटून पानेच्या पाने तोंडपाठ म्हणत आणि वर्ग स्तब्ध होऊन ऐके. मीही पहिल्या तासाला डोळे मिटले. उघडले तेव्हा मागचे दोन बाक रिकामे झाले होते. पुढच्या बाकावरची एक मुलगी अगदी निरागसपणे म्हणाली, "सर, ते सर पण असंच करायचे." वर्ग हसला. त्या रात्री मी नोकरी सोडण्याचा विचार केला होता. पुढे कित्येक महिन्यांनी मी डोळे उघडे ठेवून, शब्दाला शब्द लावून, मध्येच मराठीत अर्थ सांगत शिकवू लागलो. त्यांच्यासारखे ते कधीच झाले नाही. परंतु बाक भरलेले राहू लागले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वसतिगृहात गेलो. मला दारात पाहून तो मुलगा गडबडून उभा राहिला.

"यायचे का बंद केलेस?" मी विचारले.

बराच वेळ तो खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, मी चुकलो की पोरं त्याचं नाव घेतात. आणि एखादवेळी बरोबर खेळलो, तरी त्याचंच नाव घेतात."

यावर मला काय बोलावे ते सुचेना. ते नाव सर्वांत आधी मीच घेतले होते. मी त्याला म्हणालो, "चूक माझी झाली, बाळ." विद्यार्थ्यापुढे हे वाक्य उच्चारण्याची माझ्या उभ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी. मग मी त्याला त्या मिटलेल्या डोळ्यांची गोष्ट सांगितली. तो प्रथम संकोचला आणि मग मोकळेपणाने हसला.

तो परत आला. दहा नंबरची जर्सी घडी करून आम्ही ट्रंकेत ठेवली आणि त्याला सतरा नंबर दिला. क्रीडा संचालकांनी त्याला थोडे मागे खेळवले, कारण त्याला गोल मारण्यापेक्षा चेंडू नेमका पोहोचवणे अधिक साधते, हे त्यांना केव्हाच दिसले होते. मलाच दिसले नव्हते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरीत एका गोलाने हरलो. तो गेलेला मुलगा असता तर कदाचित जिंकलोही असतो. हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही. काही जागा भरल्यावरही थोड्या रिकाम्याच राहतात, आणि तसे असणे हा जाणाऱ्याचा सन्मान आहे.

थोड्याच वर्षांत माझीही निवृत्ती येईल. माझा तास कोणा तरुणाकडे किंवा तरुणीकडे जाईल. टिपणांच्या वह्या त्यांच्या स्वाधीन करताना काय सांगायचे, ते मी आतापासूनच ठरवून ठेवले आहे. वह्या लागल्या तर वापराव्यात, न लागल्या तर रद्दीत द्याव्यात. आणि पहिल्या दिवशी कोणी माझे नाव घेतलेच, तर खुशाल सांगावे की, त्या सरांनाही आरंभी हे जमत नव्हते.

ती जर्सी अजून ट्रंकेतच आहे. परवा त्या मुलाला मी सहज विचारले, "आता हवी का तुला ती?"

"नको, सर," तो म्हणाला, "सतराच बरा आहे. त्याची सवय झाली आता."