फटक्याची आणेवारी

गोल्फच्या खेळात दांड्याचे पाते आणि चेंडू यांची भेट सेकंदाच्या सुमारे दोनहजाराव्या भागापुरती असते. त्या भेटीची वार्ता मनगटातून, मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचते तेव्हा चेंडू केव्हाच मार्गस्थ झालेला असतो. हाताला जाणवलेला हादरा आणि कानावर पडलेला टणत्कार ही दोन्ही घडून गेलेल्या गोष्टीची साक्ष असते, आणि ती साक्ष ऐकून काही दुरुस्त करू म्हटले तर दुरुस्तीला अवकाश उरलेला नसतो. ज्या क्षणासाठी सगळा खटाटोप त्याच क्षणावर खेळणाऱ्याचा अंमल चालत नाही. तो चालतो दांडा कसा धरला, पावले किती अंतरावर रोवली, खांद्यांची रेषा कोणत्या दिशेला लावली, श्वास कोठे सोडला, अशा त्या आधीच्या मंद आणि संपूर्णपणे आपल्या हातच्या गोष्टींवर. या एका भौतिक सत्याने मला या खेळाशी जखडून ठेवले आहे.

माझी सारी चाकरी महसूल खात्यात, नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत झाली. सातबारा, फेरफार, मोजणी आणि पंचनामे यांच्या दफ्तरात उमेदीची वर्षे गेली, आणि सेवानिवृत्तीच्या सुमारास सिकंदराबादेत स्थायिक झालेल्या माझ्या मेहुण्यांनी आपला जुना गोल्फचा संच माझ्या हवाली केला. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इकडच्या बऱ्याच जुन्या घराण्यांची एखादी शाखा अजून त्या बाजूला नांदते. आमच्याकडे या खेळाचा प्रवेश त्या वाटेने झाला.

आमच्या भागात गोल्फचे नाव काढले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम हिरवळ येते आणि पाठोपाठ पाण्याचा प्रश्न येतो, आणि तो प्रश्न रास्त आहे. ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ज्या शहराने पहिल्या फेरीच्या दहा वाघिणींतून आलेल्या पाच लाख लिटर पाण्याकडे डोळे लावून दिवस काढले, त्या शहराच्या रहिवाशाने दररोज लक्षावधी लिटर पाणी पिणाऱ्या अठरा खळग्यांच्या मैदानाची अभिलाषा धरणे मला अधर्म्य वाटते. परंतु हिरवळ हा या खेळाचा प्राण नव्हे. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने १४५७ साली या खेळावर बंदी घातली, कारण धनुर्विद्येचा सराव टाकून लोक यातच रमू लागले होते. त्या काळचे मैदान म्हणजे समुद्रकाठची वाळवट, पडीक, मेंढ्यांनी चरून आखूड केलेली भूमी, जिला आभाळाखेरीज दुसरे कोणी पाणी पाजीत नव्हते. हिंदुस्थानातही पाण्याची वानवा असलेल्या कित्येक ठिकाणी खळग्याभोवती हिरवळीऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे सपाट चौथरे करीत आणि त्यांना ‘ब्राउन’ म्हणत. रुक्ष जमिनीवर गोल्फ खेळणारा मनुष्य, तेव्हा, या खेळाच्या कुळाचाराला धरूनच वागत असतो.

अहमदपूर तालुक्यातील आमची वडिलार्जित जमीन हेच माझे मैदान. बालाघाटाच्या उतारावर असल्यामुळे एकाच गटात तिची तीन रूपे आढळतात. माथ्यावरचा भाग मुरमाड आणि हलका, मध्ये करडी मध्यम जमीन, आणि खाली ओढ्याच्या अंगाला, लाव्हारसाच्या खडकाची युगानुयुगे झीज होऊन साचलेली भारी काळी माती. फाल्गुनात हरभरा आणि ज्वारी निघाली की मृगापर्यंत हे सगळे रान मोकळे असते, आणि त्या तीन महिन्यांच्या पहाटा मी माझ्या आयुष्यातील सर्वांत सुंदर पहाटांमध्ये गणतो. ऊन चढण्यापूर्वी माथ्यावर उभे राहावे, तर खालच्या काळ्या पट्ट्यावर रात्रीचा गारवा अजून रेंगाळत असतो, ओढ्याकाठच्या पळसांनी केशरी पेट घेतलेला असतो, ज्वारीच्या धसकटांमधून तितर आवाज देत असतात आणि दूर रस्त्यावरून नांदेडकडे जाणाऱ्या पहिल्या एस. टी.चा घरघराट वाऱ्याबरोबर कमीअधिक होत असतो. पळस पाहिले की मला अकबर बादशहाची आठवण होते. घोड्यावरून काठीने चेंडू खेळण्याचा चौगान हा त्याचा फार आवडता खेळ, आणि अंधार पडला तरी डाव मोडू नये म्हणून तो पळसाच्या लाकडाचे चेंडू पेटवून खेळत असे. पळसाचे लाकूड हलके असते आणि सावकाश धुमसत राहते, म्हणून त्याची निवड. खेळाच्या वेडापायी एखाद्या वृक्षाचा स्वभाव इतक्या बारकाईने जाणून घेणारा तो माणूस मला जवळचा वाटतो.

या रानात चेंडू कोठेही सुखाने बसत नाही. मुरमावर तो खड्यांच्या टोकावर अधांतरी राहतो आणि फटका तसूभर मागे पडला तर हादरा कोपरापर्यंत जातो. काळ्या मातीला चैत्रात अशा भेगा पडतात की चेंडू त्यांत सहज गडप व्हावा. मधल्या पट्ट्यात धसकटे पात्याला अडवितात. सुरुवातीस माझा चेंडू सरळ निघून उजवीकडे वळत वळत शेजाऱ्याच्या धुऱ्यापलीकडे जाई. खेळणारे या व्याधीला ‘स्लाइस’ म्हणतात, आणि हौशी खेळाडूंमध्ये ती सर्वत्र आढळते. पूर्वीचे शिक्षक सांगत की चेंडू निघतो दांड्याच्या मार्गाने आणि वळतो पात्याच्या रोखाने. रडारने मोजमाप होऊ लागल्यावर हे जवळजवळ उलटे ठरले. चेंडू निघतो मुख्यत्वे पात्याच्या रोखाने, आणि वळतो तो पात्याचा रोख व दांड्याचा मार्ग यांच्यामधील कोनामुळे. पाते किंचित उघडे आणि दांडा बाहेरून आत ओढलेला, की वळण अटळ. हा सिद्धान्त मी वाचला, समजलो, आणि तरीही चेंडू धुऱ्यापलीकडे जातच राहिला; कारण बुद्धीला पटलेली गोष्ट स्नायूंच्या दप्तरी नोंदली जाण्यास निराळाच काळ लागतो.

ती नोंद कशी होते याचा पहिला पाठ मला नांदेडात मिळाला. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी जेथे देह ठेवला त्या सचखंड हुजूर साहिबच्या नगरीत होला महल्ल्याच्या दिवशी हल्लाबोलाची मिरवणूक निघते, आणि तीत निहंगांचे गतक्याचे खेळ होतात. बघणाऱ्यांचे डोळे फिरत्या काठीवर खिळलेले असतात. मी मात्र मिरवणुकीच्या आधीच्या दिवसांत मुलांचा सराव पाहत उभा राहिलो तेव्हा मला दिसले की उस्ताद काठीकडे बघतच नाहीत. त्यांची नजर पोरांच्या टाचांवर. पैंतरा, म्हणजे पावलांची ती ठरीव फेक, रिकाम्या हातांनी पक्की झाल्याखेरीज हातात काठी द्यायचीच नाही, आणि काठी दिल्यावरही पाऊल आधी पडले पाहिजे, कंबर त्यामागून, खांदा त्यामागून, आणि हात सर्वांत शेवटी. गोल्फचा स्विंग याच क्रमाने चालतो. दांडा खाली येण्याची सुरुवात जमिनीपासून होते, डाव्या पावलावर भार सरकतो, कंबर उलगडते, आणि हात निव्वळ ओढले जातात. ज्याचे हात आधी निघाले त्याचा दांडा बाहेरून आत आलाच. त्या उस्तादांनी गोल्फचे नावही कदाचित ऐकले नसेल, पण माझा खरा गुरू मी त्यांनाच मानतो. तेथून परतल्यावर एक संपूर्ण हंगाम मी चेंडू न ठेवता, नुसते पाऊल आणि कंबर यांचा अभ्यास करीत माथ्यावर घालविला.

दुसरा पाठ लातूरचा. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव आज महाराष्ट्रभर परिचित आहे. त्याचे मर्म सराव परीक्षांच्या अखंड मालिकेत आहे हेही लोक जाणतात. पण त्या मालिकेत एक सूक्ष्म विवेक असतो, तो माझ्या पुतण्याच्या अभ्यासाकडे पाहताना माझ्या ध्यानी आला. एका प्रकरणाचे प्रश्न ओळीने सोडवून हात बसला की त्यावर समाधान मानायचे नसते. पुढे सर्व प्रकरणांचे प्रश्न सरमिसळ करून समोर येतात, गुण घसरतात, आणि त्या घसरणीतूनच विद्या मुरते. शे आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी १९७९ साली हाताच्या हालचालींवर प्रयोग करून हेच दाखविले होते. एकच हालचाल ओळीने घोकणारे सरावाच्या वेळी सरस ठरले, पण काही काळानंतर परीक्षा घेतली तेव्हा हालचाली मिसळून सराव करणाऱ्यांना अधिक आठवले. मी तत्पूर्वी एकाच दांड्याने एकाच जागेवरून चेंडूंचा ढीग संपवीत असे आणि शेवटचे काही सरळ गेले की प्रसन्न मनाने घरी येई. दुसऱ्या पहाटे त्यातले काहीच हातात शिल्लक नसे. आता प्रत्येक फटक्याला दांडा बदलतो, जागा बदलतो, लक्ष्य बदलतो. माथ्यावरून एक, धसकटांतून एक, भेगांच्या काठावरून एक. सराव पूर्वीपेक्षा कष्टाचा झाला आहे, आणि पाहणाऱ्याला तो अधिक सदोष दिसत असेल. परंतु दुसऱ्या पहाटे हातात काही उरलेले असते.

सातत्याचा विचार करताना मला कॅनडाचा मो नॉर्मन नेहमी आठवतो. त्याने १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन वर्षे आपल्या देशाची हौशी खेळाडूंची अजिंक्यपदे जिंकली. पाय अवाजवी फाकलेले, हात शरीरापासून लांब ताठ धरलेले, अशी त्याची ढब कोणत्याही पुस्तकातील आकृतीशी जुळत नव्हती. पण ती प्रत्येक वेळी तीच असे, आणि चेंडूही प्रत्येक वेळी तेथेच जाई. सौष्ठव आणि सातत्य या दोन भिन्न संपत्ती आहेत, आणि साठीनंतर दांडा हाती घेणाऱ्याने दुसरीचीच इच्छा धरावी असे माझे मत आहे.

पण सातत्य मोजावे कशाने? खेळाची प्रचलित मोजणी म्हणजे हँडिकॅप. २०२० पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत खेळाडूच्या शेवटच्या वीस डावांपैकी उत्तम आठ डावांची सरासरी धरतात. असमान बळाच्या दोन खेळाडूंना एकत्र खेळता यावे, हा तिचा हेतू, आणि त्या हेतूसाठी ती न्याय्य आहे. खेळाडूची झेप कोठवर जाते हे ती सांगते. माझी बुद्धी मात्र आणेवारीवर घडलेली आहे. आता तिला पैसेवारी म्हणतात, पण जुन्या माणसांच्या तोंडी जुनेच नाव. गावाचे पीक अजमावताना आम्ही कधी बागायतदाराच्या उत्तम रानात उभे राहून अंदाज बांधला नाही; चांगली, मध्यम आणि हलकी अशा तिन्ही प्रतींच्या जमिनीत तुकडे आखून, पीक कापून, त्याचे वजन करून मग गावाचा आकडा ठरे, आणि तो पन्नास पैशांच्या आत आला तरच महसुलातील सूट, मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी अशा सवलती गावाच्या पदरी पडत. हलक्या जमिनीचा तुकडा वगळला तर आकडा फुगतो आणि कोणाचे तरी पोर शाळेला मुकते, हे मी पाहिले आहे. त्या तुकड्याची किंमत ज्याला कळली त्याला आपल्या फटक्यांतील निकृष्ट फटके नजरेआड करवत नाहीत.

म्हणून माझी एक वही आहे. तीत उत्तम फटक्यांची नोंद त्रोटक असते. त्यांचे सुख त्या पहाटेलाच पुरते. हलक्या फटक्यांची नोंद मात्र सविस्तर करतो. कोणती जमीन, कोणता दांडा, चेंडू किती वळला, पाऊल आधी पडले होते की हात. गेल्या दोन हंगामांची पाने ताडून पाहता माझा उत्तम फटका पूर्वीपेक्षा लांब जाऊ लागल्याचे कोठेही दिसत नाही. वयोमानाप्रमाणे तो किंचित आखूडच झाला असेल. बदल झाला आहे तो तळाच्या पानांवर, आणि त्याची रुजुवात माझ्या आधी आमच्या सालगड्याने घातली. चेंडू गोळा करण्याचे काम त्याने आपण होऊन अंगावर घेतले आहे. परवा टोपली ओट्यावर ठेवीत तो म्हणाला, “साहेब, औंदा समदे चेंडू धुऱ्याच्या आतच सापडायलेत.” माझ्या खेळाविषयी याहून नेमके वाक्य अद्याप कोणी उच्चारलेले नाही, आणि ते ऐकून मला जो आनंद झाला तो लपविण्याचे मला कारण दिसत नाही.

मृग जवळ आला आहे. पहिला पाऊस झाला की रानात सोयाबीनची पेरणी होईल आणि माझा मुक्काम घरच्या ओसरीवर हलेल. तेथे सतरंजीवर पटरचा सराव चालतो. गोल्फच्या खळग्याचा व्यास १०८ मिलिमीटर, तेवढ्याच मापाचे वर्तुळ सुताराकडून फळीत कापून घेतले आहे. दिवाळीनंतर सिकंदराबादेस येऊन पूर्ण अठरा खळग्यांचा डाव खेळावा, असे मेहुण्यांचे आग्रहाचे पत्र आहे, आणि मी जाण्याचे ठरविले आहे. त्या डावाचे आकडे ते त्यांच्या रिवाजाप्रमाणे वरून मांडतील. माझ्या वहीत मी ते हलक्या जमिनीपासून मांडीन.