दारूचा दोष

आमच्या आजोबांना दारूचा भारी नाद होता. हे वाक्य वर्गात उच्चारले की मागच्या बाकांवर खसखस पिकते आणि एका शब्दाचे दोन अर्थ शिकवण्याचे माझे काम आयतेच होते. आजोबांनी बाटलीला जन्मात हात लावला नाही. त्यांची दारू बंदुकीची.

सायखेड्याला गोदाकाठी आमचा मळा. राखणीच्या परवान्यावर वडिलोपार्जित ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा व्हायची, निकालानंतर माहेरवाशिणीसारखी घरी परतायची. द्राक्षांवरची पाखरे उठवायला नुसता बार पुरे; तिथे नेम कशाला? पण आजोबांना नेमच हवा असे.

१९९२ च्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी प्रयोगच मांडला. मी तेव्हा अकरा वर्षांचा. नाशिकच्या परवानाधारक दुकानातून दोन तऱ्हेची दारू आणली होती, एक बारीक रव्याची, एक जाड. "दोन्हींत शोरा, गंधक आणि कोळसाच," आजोबा म्हणाले, "पण रवा बदलला की जळण्याचा वेग बदलतो." बारीक रवा भर्रकन पेटतो, जाड जरा रेंगाळतो. बंदूक तीच, गोळ्या एका साच्यातल्या, अंतर पंचवीस पावले, नळी वाळूच्या पोत्यावर टेकलेली, पुठ्ठ्यामागे मातीचा उंच बांध. प्रत्येक दारूचे पाच बार, आणि दर बारानंतर नळीतली काजळी पुसायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा शास्त्राचा पहिला धडा मला शाळेत नव्हे, त्या बांधापाशी मिळाला.

माझे काम पुठ्ठा आणून सर्वांत लांबच्या दोन भोकांतले अंतर पट्टीने मोजण्याचे. "मध्यावर लागली का ते सांगू नकोस. पाचीजणी एकमेकींजवळ पडल्या का, ते सांग."

पडत नव्हत्या. पहिल्या दिवशी बारीक दारू सरस ठरली, दुसऱ्या दिवशी तीच वाया गेली. आजोबा दुकानदारावर घसरले, मग दमट हवेवर. पाडव्याच्या सकाळी त्यांनी विचारले, "पुठ्ठा लावलास ना रे?" पुठ्ठा समोर होता. पांढराशुभ्र.

त्या दिवशी जाड दारूच्या भोकांत नऊ इंच अंतर होते. मी वहीत चार लिहिले.

आजोबा इतके खूश झाले, की फराळाला येणाऱ्या प्रत्येकाला जाड दारूची महती ऐकावी लागली. डोळे दाखवायला त्यांना दोन वर्षांनी नेले. काचबिंदू निघाला. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. काचबिंदूने नेलेली नजर परत येत नाही. "थोडे आधी यायला हवे होते," एवढेच डॉक्टर म्हणाले.

२०२४ साली कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा हौसेने मी त्या खेळाविषयी वाचत बसलो. दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे, सदऱ्याच्या बटणाएवढे! ही काडतुसे कारखान्यातूनच भरून येतात, नेमबाजाला दारू बदलता येत नाही. म्हणून तो निरनिराळ्या खेपांतली काडतुसे आपल्या रायफलीतून उडवून पाहतो आणि ज्या खेपेचा पुंजका घट्ट पडेल ती घेतो. त्या वेळी रायफल शिकंज्यात आवळतात. माणसाचा खांदा, श्वास, डोळा सगळे बाजूला; उरते ती नळी आणि काडतूस. आमच्याकडे वाळूचे पोते होते, पण पोत्यामागे आजोबा होते.

बंदूक पुढे त्यांनी ठाण्यात जमा केली ती कायमचीच. त्या संध्याकाळी ओसरीवर मला म्हणाले, "ती वही काढ. पाडव्याचे वाच."

चारच्या आकड्याखाली माझी खाडाखोड स्पष्ट दिसत होती. मला.

"जाड दारू, चार इंच," मी वाचले.

"मग दारू चांगली होती," आजोबा म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.