गिरगाव ते दादर : पोटाच्या कळेसह एक फेरी

१८९३ साली गिरगावातील केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. चाळींच्या सहजीवनाचे कौतुक तेव्हापासून होत आले आहे. त्या सहजीवनाची अवघड बाजू मात्र व्हरांड्याच्या टोकाला असे : सामायिक शौचालयापुढील सकाळची रांग. घाईने उरकणे किंवा वेग दाबून कचेरी गाठणे, ही सवय तुमच्यापैकी अनेकांच्या अंगवळणी पडली असेल. वेग सतत दाबल्याने मळ कोरडा होतो, पोट फुगते आणि मुरडा वाढतो.

वारंवार कळ येणे, शौचानंतर ती कमी-अधिक होणे, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब, हे महिनोन्महिने चालले तर ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ची शक्यता असते. यात आतडे व मेंदू यांच्यातील संदेशवहन बिघडते आणि साधा वायूही कळ होऊन जाणवतो. तपासण्यांत दोष सापडत नाही, तरी वेदना खरी असते. ‘मनाचे खेळ आहेत’ असे घरच्यांनी म्हणू नये.

गिरगावातून उत्तरेस निघालो की लालबाग येते. मसाला बाजारातील मिरचीचा ठसका आणि चिवड्याच्या दुकानांचा खमंग वास तुम्हाला परिचित आहेच. तिखट-तळलेले पदार्थ काहींना बाधतात. काहींना कांदा, लसूण, उसळी किंवा दूध. सर्वांना एकच पथ्य लागू पडत नाही. दोन आठवडे आहार, झोप, शौच व वेदना यांची वहीत नोंद ठेवा. तुमचे पथ्य त्यातूनच सापडेल.

येथेच गिरण्यांचे भोंगे वाजत. पाळी बदलली की कामगारांच्या झोपेची व जेवणाची वेळही बदले. आतड्यालाही स्वतःचे घड्याळ असते. निवृत्तीनंतर तरी जेवणाची वेळ निश्चित ठेवा आणि न्याहारीनंतर दहा मिनिटे शौचास निवांत बसा.

पुढे परळ. १९२६ पासूनचे के.ई.एम. आणि १९४१ पासूनचे टाटा स्मारक रुग्णालय येथे आहे. या थांब्यावर एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी : पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेल्या पोटदुखीला तपासणीवाचून ‘आय.बी.एस.’ म्हणू नये. शौचातून रक्त, घटते वजन, रक्तक्षय, ताप, झोपेतून उठवणारी वेदना किंवा कुटुंबात आतड्याचा कर्करोग असल्यास विलंब न करता डॉक्टरांना दाखवा. चालू औषधेही दाखवा; लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ आणि मेटफॉर्मिनने जुलाब होऊ शकतात. कळ थांबवणारे डायसायक्लोमिन स्वतःहून घेऊ नये. वृद्धांत त्याने लघवी अडकू शकते व गोंधळलेपण येऊ शकते.

अखेर दादर. शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगत रोज झेपेल तेवढे चालावे; चालण्याने आतड्याची गती सुधारते. इसबगोल अल्प मात्रेने सुरू करून भरपूर पाण्यासोबत घ्यावा. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. कोंडा मात्र अनेकांची कळ वाढवतो.

आई-वडिलांना फिरायला नेताना वाटेवरील स्वच्छ शौचालय आधीच पाहून ठेवा. ‘वाटेत सोय आहे’ एवढा भरवसा मिळाला, तरी भीतीने येणारी कळ पुष्कळदा सौम्य होते आणि घरात बसलेले माणूस बाहेर पडते.