पाबळची फेरी आणि अण्णांचा बोकड

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि आमच्या तालुक्यातल्या एका गावी पालकांची सभा भरली. शाळेत आठवीपासून आठवड्यातला एक दिवस हाताने काम करून शिकण्याचा विषय सुरू करावा, असे मुख्याध्यापकांच्या मनात होते. शेती, सुतारकाम, वायरिंग, माती-पाण्याची तपासणी असे सगळे त्यात यायचे. पंचायत समितीचा शेतीकडचा माणूस म्हणून मलाही बोलावणे होते. मी दोन शब्द बोललो, आणि मागून एक गृहस्थ उठले. गावात त्यांना सगळे अण्णाच म्हणतात.

"साहेब, माझी पोरगी घरी शेण काढते, गवत आणते, कांदे काढते. तेच करायला शाळेत घालायची काय? तिला इंग्रजी शिकवा, गणित शिकवा. शेत तर आहेच पाचवीला पुजलेलं."

सभेत टाळ्या पडल्या. मंडळी, खरे सांगतो, मला उत्तर सुचले नाही. कारण अण्णा चुकीचे बोलत नव्हते. माझ्या लहानपणी आमच्या शाळेत शेतीकाम म्हणजे शिक्षाच होती. ज्याचा अभ्यास झाला नसेल त्याने गुरुजींच्या वांग्याच्या वाफ्यांना पाणी शेंदायचे. हुशार मुले फळ्यासमोर आणि 'ढ' मुले विहिरीवर. त्या कामातून आम्ही शिकलो ते एवढेच, की शेत हे नापासांचे ठिकाण.

शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "एकदा पाबळ पाहून येऊ. मग काय ते ठरवू." अण्णांना आग्रहाने बरोबर घेतले.

नगरहून पुण्याची एस.टी. धरली. शिरूर गेले, रांजणगावचा गणपती आणि कारखान्यांची रांग गेली, शिक्रापूरला उतरून पाबळची वाट धरली. पाबळ हे शिरूर तालुक्यातले गाव. मस्तानीची समाधी इथे आहे, म्हणून इतिहासाच्या पुस्तकात त्याचे नाव येते. बाकी मुलूख आपल्यासारखाच, पावसाच्या भरवशाचा, बाजरी-कांद्याचा. अण्णा खिडकीतून पाहत म्हणाले, "हे तर आपलंच शिवार की!"

तसे असल्यानेच तर हे गाव निवडले गेले. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत शिकून आलेले अन्नशास्त्रज्ञ. मुंबईला हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली मोठी नोकरी सोडून १९८३ साली ते या दुष्काळी गावात आले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेली, परीक्षेत नापास झालेली पोरे त्यांनी गोळा केली. त्यांचा विचार साधा होता. मूल चालायला, बोलायला, पोहायला कसे शिकते? करून शिकते. मग विज्ञान तेवढे पाठ करून का शिकायचे? २००३ साली ते वारले, पण काम चालू राहिले.

आवारात शिरताच लोखंडी त्रिकोण जोडून केलेली घुमटाकार घरे दिसतात. खांब नाही, तुळई नाही. हे घुमट बांधायला इथली मुलेच शिकली. अमेरिकेतल्या एम.आय.टी. संस्थेच्या साह्याने २००२ साली इथे एक यंत्रशाळाही उभी राहिली. तिला फॅब लॅब म्हणतात. ती पाहण्यासारखी आहे, पण मी शेतीचा माणूस, माझे लक्ष दुसरीकडे होते. आश्रमात मोठ्या मुलांसाठी राहून शिकण्याचा वर्षाचा अभ्यासक्रम आहे, आणि त्याच धर्तीवर आठवी ते दहावीच्या मुलांसाठी शाळांतून चालणारा विषय आहे. त्याचे चार भाग: शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, अभियांत्रिकी आणि गृह-आरोग्य. मुलगा असो की मुलगी, चारही भाग करायचे. मुलींनी वेल्डिंग करायचे आणि मुलांनी चिक्की करायची.

हा विषय चालवणाऱ्या एका शाळेत दुपारी गेलो. तो कामाचाच दिवस होता. एका कोपऱ्यात रक्तातले हिमोग्लोबिन तपासणे चालले होते, एका बाजूला पोरे विजेच्या बोर्डाची जोडणी करत होती. मी थबकलो ते व्हरांड्यात. चार मुली ओल्या गोणपाटाची गुंडाळी उलगडून गहू मोजत होत्या.

मी विचारले, "काय चाललंय, बाळ?"

"उगवण तपासतोय. आमच्या गल्लीतल्या आजोबांचं घरचं बी आहे. दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे ठेवले होते. अठ्ठ्याहत्तर उगवले."

"मग?"

"पंच्याऐंशी पाहिजेत. म्हणून एकरी चाळीस किलोऐवजी चव्वेचाळीस किलो पेरायचं." वहीत त्रैराशिक मांडलेले होते, आणि त्याखाली आजोबांची सही.

वाचकहो, ही उगवण तपासणी मी तीस वर्षे गावोगाव सांगत आलो. लोक मान डोलावतात, चहा पाजतात आणि न तपासता पेरतात. इथे आठवीतल्या पोरीने तिच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याकडून ते करून घेतले होते. मला थोडे लाजल्यासारखे झाले, हे कबूल करतो.

पुढे गोठ्यापाशी गर्दी होती. शाळेने दोन बोकड पाळले होते आणि त्यांचे वजन काढायचे चालले होते, तेही काट्याशिवाय! एका मुलीने शिवणकामाचा टेप पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती घेतला: सत्तावीस इंच. दुसऱ्याने खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी घेतली: सव्वीस इंच. घेराला घेराने गुणायचे, मग लांबीने गुणायचे आणि सहाशे साठने भागायचे. उत्तर आले साधारण पावणेएकोणतीस किलो. मग काट्यावर चढवला. साडेसत्तावीस भरला.

अण्णा लगेच म्हणाले, "म्हणजे चुकलं की!"

"सव्वा किलोनं चुकलं, काका," ती पोरगी म्हणाली. "टेप केसांवरून सैल धरला असंल. पण नुसत्या नजरेनं याहून जास्त चुकतं. आम्ही आधी नजरेनं लिहून ठेवतो." तिने वही दाखवली. नजरेचे अंदाज बावीसपासून चौतीसपर्यंत होते.

त्या वहीत आणखीही होते. खुराकाचा खर्च, औषधाचा खर्च, आणि मुलांनी गवत आणले त्याची मजुरीसुद्धा. ती मजुरी वाचून अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. आपल्या घरच्या हिशेबात घरच्या बायामुलांची मजुरी कोण धरतो?

मला वाटते, शेण काढणे आणि शेण काढून शिकणे यातला फरक त्या वहीत होता. काम तेच. पण आधी अंदाज करायचा, मग मोजायचे, चुकले तर का चुकले ते शोधायचे, आणि खर्च लिहायचा. वही नसती तर अण्णांचे सभेतले म्हणणे शंभर टक्के खरे ठरले असते. नुसतीच राबवून घेणारी शाळा मुलांनी सोडलेलीच बरी.

ही कल्पना नवी आहे असेही नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे असे म्हटले होते. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला नई तालीम मांडली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना शिकवावे असे आहे. दहा दिवस ठीक आहेत, पण दहा दिवसांत गहू ओंबीवर येत नाही आणि बोकडही वाढत नाही. आठवड्याला एक दिवस वर्षभर मिळाला तर पेरणीपासून मळणीपर्यंत मुलाच्या नजरेखालून जाते.

अडचणी आहेतच. शिकवणारा कारागीर गावातलाच लागतो, त्याचे मानधन कोण देणार? हत्यारे, तारा, रसायने संपतात. आमच्या मुख्याध्यापकांनी परतीच्या वाटेवर तीच आकडेमोड चालवली होती आणि त्यांचा चेहरा काही उजळलेला नव्हता.

अण्णा मात्र वेगळ्याच विचारात होते. शिरूर ओलांडल्यावर म्हणाले, "गेल्या बकरी ईदला दोन बोकड दिले, साहेब. व्यापाऱ्यानं कमरेला हात लावला, म्हणाला वीस किलो. मी म्हटलं असंल. त्याचा हात तो माझा काटा." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पोरगी सातवीत आहे. तिला येईल का हो हे?"

"गणित येतं ना तिला?"

"गणितात पहिली असते."

गावची दुसरी सभा अजून व्हायची आहे. मानधनाचे जमले तर येत्या जूनपासून विषय सुरू होईल. नाही जमले तर पुन्हा पुढच्या वर्षावर जाईल. पण परवा संध्याकाळी अण्णांचा फोन आला. मागे पोरीचा आवाज आणि शेळीचे ओरडणे ऐकू येत होते.

"साहेब, शेवटी कितीनं भागायचं? सहाशे की सहाशे साठ?"

"सहाशे साठ, अण्णा. आणि माप इंचातच घ्या."