‘बाऊ’ कुठं आहे?

वाचकहो, दिवाळी अंकात दुखण्याखुपण्याचं लिहू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. तरीही लिहितो आहे, कारण आपल्या मंडळात नर्स आणि डॉक्टर आहेत, तसेच ऑटिझम, डाऊन सिंड्रोम किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे आईवडीलही आहेत. फराळाच्या ताटावर दोघं शेजारी बसतात, पण या विषयावर एकमेकांशी बोलत नाहीत. हा लेख दोघांसाठी आहे.

माझा नातू नऊ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे, मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतात. तो मोजकंच बोलतो. गेल्या हिवाळ्यात चार दिवस तो स्वतःच्या डोक्यावर थापा मारत होता, रात्रभर जागत होता. पहिल्यांदा ज्यांनी तपासलं, ते म्हणाले, “ऑटिझममध्ये असं होतंच.” दुसऱ्या ठिकाणी एक नर्स भेटली. ती आधी नातवाशी दोन शब्द बोलली, मग माझ्या मुलीला विचारलं, “एरवी तो असं करतो का? आणि दुखलं की घरी काय म्हणतो?” मुलगी म्हणाली, “बाऊ.” मग ती नर्स “बाऊ?” असं विचारत स्वतःच्या गुडघ्याला, पोटाला, कानाला हात लावत गेली. कानाशी आल्यावर नातवानं तिचा हात घट्ट धरला. कान आतून लालबुंद झाला होता.

मानसशास्त्र शिकवताना मी या गोष्टीचं नाव अनेकदा फळ्यावर लिहिलं आहे: डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग. आपण त्याला निदानाची सावली म्हणू. १९८२ साली स्टीव्हन राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हा शब्द मांडला. एकदा माणसावर एक निदान चिकटलं, की त्याची प्रत्येक तक्रार त्याच निदानाच्या खात्यावर टाकली जाते. मग दुखणारी दाढ, बद्धकोष्ठ, थायरॉइड हे सगळं त्या सावलीत झाकलं जातं. डाऊन सिंड्रोम असलेला माणूस मंदावला, गप्प झाला, तर थायरॉइड तपासायला हवं हे पुस्तकात असतं, पण “ते तसेच असतात” हे वाक्य आधी सुचतं.

ही सावली जीवही घेऊ शकते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला ऑलिव्हर मॅकगोवन हा अठरा वर्षांचा मुलगा नोव्हेंबर २०१६ मध्ये गेला. त्याला ऑटिझम, सौम्य बौद्धिक अक्षमता आणि फेफरं होतं. मनोविकारावरचं औषध नको, असं त्यानं आणि त्याच्या आईवडिलांनी सांगितलेलं असतानाही ते दिलं गेलं आणि त्याच्या मेंदूवर जीवघेणा परिणाम झाला. त्याची आई पॉला हिनं त्यानंतर एकच मागणी लावून धरली, की रुग्णसेवेतल्या प्रत्येकाला हे शिकवा. २०२२ च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये आरोग्य आणि देखभाल सेवांतल्या कर्मचाऱ्यांना असं प्रशिक्षण देणं बंधनकारक झालं. सरकारनं पुरस्कारलेल्या प्रशिक्षणाला ऑलिव्हरचंच नाव आहे. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असलेली माणसं स्वतः ते शिकवण्यात भाग घेतात. ज्याच्या पायाला चटका बसला, तोच वाटेची माहिती देतो.

आपल्या आयर्लंडची एक जमेची बाजू आहे. इथं बौद्धिक अक्षमतेची परिचर्या ही नर्सिंगची स्वतंत्र नोंदणी असलेली शाखा आहे. जगात फार थोड्या देशांत असं आहे. चार वर्षांची ही पदवी आपल्या वॉटरफोर्डमध्येच, कॉर्क रोडवरच्या विद्यापीठात मिळते. २०२२ पर्यंत आपण त्याला डब्ल्यूआयटी म्हणायचो, आता एसईटीयू म्हणतो. नातवाला तपासणारी नर्स याच शाखेची होती, हे नंतर कळलं.

पण एका शाखेनं भागत नाही. कान रात्री दोन वाजता दुखतो, आणि तेव्हा समोर जो असेल तोच आपला वैद्य. तो सर्वसाधारण नर्स असेल, नवा डॉक्टर असेल किंवा क्ष-किरण काढणारा तंत्रज्ञ. म्हणून प्रशिक्षण सर्वांनाच हवं. भारतातही हाच प्रश्न आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ऑटिझमसह २१ प्रकार मान्य केले, पण कायद्यातली यादी तपासणीच्या टेबलापर्यंत माणसांनीच न्यावी लागते. मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं ‘उम्मीद’ मुलांवर उपचार करतं, शिवाय डॉक्टर, थेरपिस्ट, वस्तीतले कार्यकर्ते आणि पालक यांना प्रशिक्षणही देतं. तज्ज्ञ थोडे आणि मुलं पुष्कळ, तिथं दुसरा मार्गही नाही.

यात शिकायचं तरी काय? फार अवघड काही नाही. आधी रुग्णाशी बोला, मग सोबतच्यांशी. एक छोटं वाक्य बोला आणि थांबा. उत्तर यायला दहा सेकंद लागतील, ती लागू द्या. दिवा मंद करा, गर्दीतून बाजूला न्या. स्टेथोस्कोप आधी हातात घेऊ द्या. “एरवी कसा असतो?” हे विचारा, कारण बदल हीच अनेकांची तक्रार असते. आणि रुग्ण सज्ञान असेल तर त्याला निर्णय घेता येतो असंच धरून चाला. एप्रिल २०२३ पासून अमलात आलेला इथला सहाय्यित निर्णयांचा कायदाही तेच सांगतो.

आता आईवडिलांनो, तुमच्याकडे वळतो. इथल्या रुग्णालयांत ‘हेल्थ पासपोर्ट’ नावाची छोटी पुस्तिका चालते. त्यात औषधं, ॲलर्जी, आवडीनिवडी, भीती, सगळं लिहायचं असतं. ती भरून दाराजवळ ठेवा. त्यात घरातले शब्दही लिहा: बाऊ म्हणजे दुखतंय, मम्मं म्हणजे भूक, भुर्र म्हणजे मला इथून न्या. समोर इंग्रजी अर्थ आणि उच्चार लिहा. “मुलाशी मराठी बंद करा” असा सल्ला कोणी दिला, तर घाबरून जाऊ नका. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं आणखी मागे पडतं, असं संशोधनातून दिसलेलं नाही. दुखताना मूल ज्या भाषेत रडतं, ती भाषा डॉक्टरच्या कामाची असते.

आणि मंडळातल्या नर्स-डॉक्टरांनो, एक विनंती. जानेवारीत संक्रांतीच्या कार्यक्रमाला एक तास काढू या. तिळगूळ आहेच. त्या तासात तुम्ही समोर बसा आणि आमच्या घरांतली मुलं, त्यांचे आईबाप शिकवतील. वाट पाहायचे दहा सेकंद प्रत्यक्ष किती लांब असतात, हे एकदा अनुभवून पाहा. तो सराव तुमच्यासोबत वॉर्डात जाईल आणि ज्याला मराठी येत नाही, बोलताही येत नाही, अशा एखाद्या आयरिश आजोबांच्याही उपयोगी पडेल.

सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा.