फसलेले एकोणीस रोल

४ जून
भोसरीहून एक कारखानदार आले. चिवड्याच्या पाकिटासाठी बनवलेल्या फिल्मचा तुकडा त्यांनी टेबलावर ठेवला. आतबाहेर सगळं पॉलिथिनच. नेहमीच्या पाकिटात बाहेर पॉलिएस्टर आणि आत पॉलिथिन असतं. ते दोन्ही सहज सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवालाही घेत नाही. “साहेब, पेटंट मिळेल ना?” मी तुकडा मुठीत चुरगळला. कुरकुरला, पण चीर गेली नाही.

६ जून
पॉलिएस्टर अडीचशे अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिथिन त्याच्या निम्म्यावरच. इथे बाहेरही पॉलिथिनच, त्यामुळे सील मारताना बाहेरचा थरही गरम पट्टीला चिकटतो. यांनी फिल्म ताणून घेतली, वर उष्णता सोसणाऱ्या लॅकरचा हात दिला. ताणणं जुनं, लॅकर जुनं. पेटंट कायद्याचं कलम २(१)(जेए) आडवं येणार: जाणकाराला सहज सुचेल ते चालत नाही. नकार कळवावा म्हणतो.

७ जून, रात्री
बिश्वनाथ प्रसाद खटल्याचा १९७८ चा निकाल पुन्हा वाचला. भांडी लेथवर पकडण्याच्या युक्तीचं पेटंट सर्वोच्च न्यायालयात टिकलं नाही.

पण झोप लागेना. सेलोफेन आठवत राहिला. ब्रँडनबर्गरनं शोधलेल्या त्या पारदर्शक कागदातून दमट हवा आरपार जाई, आतला माल सादळे. ड्यू पाँट कंपनीतल्या चार्चनं दोन हजारांहून अधिक प्रयोग केले आणि १९२७ मध्ये वाट सापडली: नायट्रोसेल्युलोजच्या लॅकरमध्ये थोडंसं मेण. मेणही जुनं, लॅकरही जुनं! उत्तर समोर आल्यावर ‘त्यात काय मोठंसं’ म्हणणं हा शोधणाऱ्यावर अन्याय आहे. काल मी तोच करत होतो.

१० जून
फोन केला. “फसलेले रोल किती?”
“एकोणीस. जाड लॅकर घडीवर सोलून निघायचं, पातळ दिलं की फिल्म चिकटायची. शेवटी आधी लॅकर दिलं, मग ताणलं.”
हा उलटा क्रम त्यांनी सांगितलाच नव्हता! पॉलिएस्टरवर असं करतात, हे मला ठाऊक आहे. परीक्षकही तेच म्हणेल. पण इतक्या कमी उष्णतेवर ताणताना लॅकर तडकेल, असंच त्यांचे मिस्त्रीही म्हणत होते.

१२ जून
ठरलं. ‘सगळं पॉलिथिनचं वेष्टन’ हा दावा लिहिणार नाही, तो पडेल. दावा क्रमाचा आणि लॅकरच्या जाडीचा. एकोणीस रोलांचे आकडे पहिल्याच अर्जात, तुलनेसाठी. रोल भंगारात गेले, वही आहे.

कारखान्यात नवं काही करत असाल तर फसलेल्या रोलचीही तारीख, तापमान, जाडी लिहून ठेवा. आणि अर्ज होईपर्यंत पाकीट बाजारात नेऊ नका.